मानकरी दे बुल्तो

मेक्सिको शहरात बादशाही आली तेव्हा नाझारिओ तेपाले चाळीस वर्षांचा होता आणि ती गेली तेव्हा त्रेचाळीस. एवढंच तिचं आयुष्य. आमच्याकडे बरं खेचरसुद्धा याच्या पाचपट टिकतं, आणि खेचराला जरीचा कोट लागत नाही, सकाळी उठवायला चार मानकरी लागत नाहीत आणि शिंकल्यावर कुणी वहीत नोंद करत नाही. हे सगळं या बादशाहीला लागत होतं. गादीवर बसायला माणूससुद्धा समुद्रापलीकडून आणला होता. शिपाई उसने, भाषा उसनी. आपलं म्हणून इथलं काय होतं, तर पुढे पुढे करणारे. ते मात्र भरपूर मिळाले.

नाझारिओचा बाप तेस्कोकोजवळच्या एका खेड्यात लाकडाचे संत कोरायचा. संत कोरायचा तर समोर कुणीतरी उभं लागतं, आणि फुकटात उभा राहणारा घरचा पोरगाच. सात वर्षांचा असल्यापासून नाझारिओ अंगणातल्या ओंडक्यावर उभा असायचा. कधी हातात फावडं घेऊन शेतकऱ्यांचा संत, कधी पायाशी कुत्रं घेऊन रोग्यांचा. कुत्रं चार वेळा बदलावं लागलं, नाझारिओ नाही. त्या भागातल्या तीन देवळांत आजही त्याचे कान बघायला मिळतात, जरा बाहेर आलेले. बायका त्या कानांत नवस सांगतात.

उभं राहणं ही विद्या आहे, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. तो सांगायचा, "नाकावर खाज उठली ना, की ती जरा वेळाने कानाकडे जाते. तिथं करमलं नाही की मानेवर येते आणि मग निघून जाते आपल्या वाटेने. हात तेवढा लावायचा नाही. लावला की ती मुक्कामाला राहते."

पुढे बाप गेला, संतांची मागणी आटली आणि नाझारिओ बायकोला, रुफिनाला घेऊन शहरात आला. तिथं मुस्यू बार्दू नावाच्या एका फ्रेंच फोटोवाल्याकडे त्याला काम मिळालं. तिसऱ्या मजल्यावर काचेचं छप्पर, खाली रंगवलेला पडदा, एक पोकळ खांब, एक खुर्ची. नाझारिओकडे दोन कामं. गिऱ्हाइकाला कपडे चढवायचे हे एक. आणि गिऱ्हाईक आरशासमोर मिशा पिळत असेल तेवढ्यात त्याच्या जागी जाऊन उभं राहायचं हे दुसरं, म्हणजे मुस्यूला काळ्या कापडाखाली डोकं घालून उजेड नीट बसवता येई. या उभं राहण्याला तिथं 'बुल्तो' म्हणत. बुल्तो म्हणजे गाठोडं, बोचकं, जागा भरायला ठेवलेलं धूड. नाझारिओच्या गावी संताच्या लाकडी मूर्तीलाही बुल्तोच म्हणतात, त्यामुळे त्याला त्या शब्दाचं काही वाटलं नाही. उलट बढती मिळाल्यासारखं वाटलं.

मग बादशाही आली आणि मुस्यूचा जिना झिजायला लागला.

बादशहाने इथं पाय ठेवल्याबरोबर दरबार कसा भरवायचा याचं एक जाडजूड पुस्तक छापलं. कोण कुणाच्या किती पावलं मागे चालणार, कुणी कुठल्या दारातून यायचं, सगळं त्यात. राज्यात रस्ते नव्हते, पण रस्त्यावरून चालायची पद्धत तयार होती. त्यातच फर्मान निघालं की दरबारच्या चोवीस मानकऱ्यांच्या तसबिरींची एक वही व्हावी. तळहाताएवढ्या तसबिरी, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या, खाली सुंदर अक्षरात नाव. एक प्रत राजवाड्यात, बाकीच्या युरोपातल्या आप्तांना. इथंही माणसं आहेत हे त्यांना कळावं म्हणून.

मानकरी नेमले होते, पण त्यांचे कोट शिवून झाले नव्हते. शिंपी एक आणि पोटं चोवीस. तेव्हा मुस्यू बार्दूने एकच दरबारी कोट करून घेतला, हिरवा, छातीभर जरीचा, आणि तोच सगळ्यांना. बारीक माणसाला नाझारिओ पाठीमागून टाचण्या मारी, जाड्याला पाठीमागून उसवून ठेवी. समोरून सरदार, मागून शिंप्याचं दुकान. मानकऱ्याच्या कमरेला सोन्याची किल्ली असायची, मानाची. ती कुठलंच कुलूप उघडत नसे. मुस्यूने अंड्यांच्या कपाटाची किल्ली सोनेरी रंगवून घेतली होती. फोटोच्या कागदाला अंड्यातलं पांढरं लागतं ना. एखादा मानकरी ती किल्ली कमरेला लावून खालच्या मजल्यावर मिरवायला गेला, की अंडी अडकून पडायची.

या चोवीसांत सगळ्यांत तोऱ्यातला सरदार पालोमेरा. साठीचा, मांड्या काडीसारख्या, पोट घागरीसारखं. आजोबांचा आजोबा स्पेनहून आला होता हे तो जिना चढता चढता सांगायला लागे आणि वर पोचेपर्यंत आजोबांच्या आजोबाची बोट किनाऱ्यालाही लागलेली नसे, इतका दम.

"ए गड्या! टोचतंय!"

"टाचणी आहे, सरकार. हलू नका."

"मी हलत नाहीये. तूच हलवतोयस."

"बरं, सरकार."

हे लोक बारा सेकंद उभे राहू शकत नसत. बारा! काचेवरचा मसाला ओला असेतो माणसाने दगड व्हायचं, एवढंच काम. पण यांची मान डुले, मिशी थरथरे, गुडघा लचके. म्हणून प्रत्येकाच्या पाठीमागे एक लोखंडी दांडा उभा करत. वर चिमटा, तो मागून डोकं धरून ठेवी, आणि खाली तीन पायांची जड बैठक. राज्याचे खांब म्हणवणारी माणसं, आणि त्यांना टेकू द्यायला भंगारातलं लोखंड. नाझारिओला चिमटा लागायचा नाही हे सांगायला नको.

झालं असं की चोवीसपैकी एकजण आलाच नाही. त्याला हगवण लागली होती. हे कारण दरबारच्या पुस्तकात कुठल्या पानावर बसतं ते कुणाला सापडेना. त्याच दिवशी मुस्यूने मसाला ताजा आहे का पाहायला म्हणून नाझारिओलाच कोट घालून, किल्ली लावून, एक काच खर्ची घातली होती. ती तसबीर झकास आली. विकली जाऊ नये म्हणून मुस्यूने मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं, 'बुल्तो'. आणि गठ्ठा बांधणाऱ्याने चोवीस मोजून चोवीस बांधले.

राजवाड्यात नावं लिहायला एक ऑस्ट्रियन कारकून होता. अक्षर मोत्यासारखं, आमची भाषा मात्र बोटीवर पुस्तकातून शिकलेला, आणि बोट लवकर पोचली होती. त्याने पाठीवरचं नाव वाचलं आणि पुढे वळणदार अक्षरात लिहिलं: 'सरदार दे बुल्तो, बादशहांचे मानकरी'. सरदार गाठोडे! पान सतरावं.

आता कुणीतरी हसायला हवं होतं की नाही? पण परक्यांना शब्द कळेना, आणि आपल्यांना कळूनही बोलता येईना. "या माणसाला मी ओळखत नाही" असं जो म्हणेल, तो दरबारात नवखा ठरणार. त्यामुळे सगळेच ओळखायला लागले.

एकदा सरदार पालोमेरा दुसरी तसबीर काढायला आला. सोबत एक मित्र होता. नाझारिओ पालोमेराच्या पाठीशी गुडघ्यावर बसून टाचण्या मारत होता.

मित्राने विचारलं, "अहो, ते सतराव्या पानावरचे दे बुल्तो कोण हो? कधी दिसले नाहीत."

"दे बुल्तो?" पालोमेरा म्हणाला. "दुरांगोकडचे. माझ्या मावशीच्या चुलत घराण्यातले. माणूस खानदानी आहे, पण जरा पितो."

नाझारिओच्या तोंडात सहा टाचण्या होत्या. एकही पडली नाही. रात्री रुफिनाला सांगताना मात्र तो चुलीसमोर लोळून हसला.

"अगं, मी पाठीशी बसलेलो आणि हा सांगतोय! माझ्याकडे वळून बघून!"

"बघून कुठे?" रुफिना म्हणाली. "त्याने तुझं टक्कल पाहिलं असेल. ती लोकं आपलं तोंड बघतात होय? आणि पितोस हे त्याला कुणी सांगितलं?"

तीन वर्षांत खेळ संपला. उसने शिपाई आपल्या देशी परत गेले, बादशहाला उत्तरेकडे धरून गोळ्या घातल्या आणि प्रजासत्ताक परत शहरात शिरलं. फर्मान निघालं: बादशाहीची चाकरी केलेल्यांनी दोन दिवसांत हजर व्हावं, मानकऱ्यांना दोन वर्षं किल्ल्यात कैद. नावं शोधायचा त्रासही पडला नाही. राजवाड्यात ती वही टेबलावरच पडलेली होती, तसबिरींसकट. स्वतःला पकडून देण्याचा बंदोबस्त इतक्या सुबक अक्षरात कुठल्या चोराने केला असेल!

नाझारिओ हजर झाला नाही. त्याने कशाला व्हायचं? त्याने टाचण्यांशिवाय कुणाची चाकरी केली नव्हती. तिसऱ्या दिवशी तो पुल्केच्या गुत्त्यात बसला होता. एक शिपाई आत आला, हातातल्या पुठ्ठ्याकडे बघितलं, त्याच्या कानांकडे बघितलं.

"सरदार दे बुल्तो?"

सगळा गुत्ता हसला. नाझारिओही हसला. शिपाई हसला नाही.

मानकऱ्यांना एका रिकाम्या केलेल्या मठात ठेवलं होतं. चोवीसपैकी पंधरा बंदराकडे पळाले होते, नऊ सापडले होते, नाझारिओ धरून. दारात शिपायाने 'दे बुल्तो' असं पुकारताच सरदार पालोमेरा हात पसरून पुढे आला.

"बंधुराज! तुम्हालासुद्धा?"

"मी टाचण्यावाला, सरकार."

पालोमेराने त्याचं तोंड पहिल्यांदाच पाहिलं. पसरलेले हात हळूहळू खिशात गेले.

चौकशीला वकील मोंतेर्दे बसले होते. काळा कोट, चार वर्षं उत्तरेच्या वाळवंटात प्रजासत्ताकाची दप्तरं खेचरावर लादून हिंडलेले. त्या कोटाच्या शिवणीत अजून वाळू होती. ते सगळ्यांना एकच पदवी द्यायचे, नागरिक.

"नागरिक, नाव?"

"नाझारिओ तेपाले."

"इथं दे बुल्तो लिहिलंय."

"ते नाव नाही साहेब. बुल्तो म्हणजे मीच."

"म्हणजे कबूल?"

"नाही हो! बुल्तो हे माझं नाव नाही, माझं काम आहे. मी नुसता उभा होतो."

मोंतेर्देंनी लेखणी खाली ठेवली. "नागरिक, तीन वर्षं तिथं सगळे नुसतेच उभे होते. त्याचीच दोन वर्षं शिक्षा आहे."

"उजेडासाठी उभा होतो, साहेब. हे सरदार पावडर लावत असताना त्यांच्या जागी. मुस्यू बार्दूला विचारा."

"तो गेल्या महिन्यात बोटीने गेला."

आता मात्र नाझारिओचं हसू मावळलं. दोन वर्षं. किल्ल्यातल्या कोठड्यांत साचलेल्या पाण्यात उभं राहून त्याच्यापेक्षा तरणे लोक बाहेर येत ते उताणे. रुफिना मठाच्या दाराशी मक्याच्या पानात गुंडाळलेले तामाल घेऊन बसलेली, आणि पहारेकरी तिला आत सोडेना.

त्याचं बोलणं भिंतीपलीकडच्या आठांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरदार पालोमेरा पहिला नंबर लावून उभा.

"नागरिक, नाव?"

"नावाचं राहू द्या साहेब. मी बुल्तो होतो. उजेडापुरता. मानकरी दुसराच कुणी."

त्याच्या मागचा तेच म्हणाला. त्याच्या मागचाही. आजोबांच्या आजोबांच्या बोटी एका सकाळीत बुडाल्या. काल ज्यांना तेपाले हे नाव तोंडात घ्यायला चूळ भरावी लागत होती, ते आज त्याच्या पंक्तीला बसायला धडपडत होते. पालोमेराने तर नाझारिओला कोपऱ्यात ओढलं.

"हे बघ, तू एवढं सांग की मीही तुझ्यासारखाच गाठोडं होतो. आपण जुने ओळखीचे."

"कसे होणार सरकार? गाठोडं हलत नाही."

मोंतेर्दे कपाळाला हात लावून म्हणाले, "नऊ गाठोडी! मग या राज्यात माणूस कोण होता?" आणि ते थकले होते, खरंच थकले होते. नऊही कागदांवर एकच शिक्षा लिहून मोकळं व्हावं असं त्यांच्या चेहऱ्यावर नाझारिओला स्पष्ट दिसलं. चेहऱ्यावर उजेड पडला की काय काय दिसतं, हे त्याला चांगलं माहीत होतं.

"साहेब," तो म्हणाला, "वही उघडा. तोंडं बघू नका. पाय मोजा."

"काय?"

"पाय मोजा. प्रत्येकाचे."

मोंतेर्देंनी भिंग घेतलं. पान चौथं, सरदार पालोमेरा. दोन बूट. बुटांच्या मागे, सावलीत, लोखंडाची तीन टोकं.

"पाच," मोंतेर्दे म्हणाले.

पान नववं, पाच. पान अकरावं, पाच. दरबारातली सगळी जनावरं पाच पायांची निघाली. पान सतरावं, दोन.

"हे चिमट्याचे पाय, साहेब. ज्याला उभं राहता येत नाही त्याला चिमटा. बुल्तोला कशाला लागेल?"

"ते टेबलाचे पाय आहेत!" पालोमेरा ओरडला. "आम्हीही चिमट्याशिवाय उभे राहायचो. तासन् तास!"

मोंतेर्देंच्या डोळ्यांत पहिल्यांदाच जरा जीव आला. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं. "चला अंगणात. वीस आकडे मोजतो. न हलता जो उभा राहील तो गाठोडं. घरी जाऊ दे त्याला."

मठाच्या अंगणात नऊजण ओळीने उभे राहिले. एक, दोन, तीन... तिसऱ्या आकड्याला एक शिंकला. पाचव्याला एकाने 'हलणार नाही हां' असं शेजाऱ्याला सांगितलं. आठव्याला दोघांची मान दोन बाजूंना गेली. पालोमेरा अकरापर्यंत पोचला, हे मानायला हवं; मग त्याने किती झाले ते बघायला घड्याळाकडे मान वळवली. बाकीचे चौदाच्या आत आटोपले. एकजण न हलताच पडला.

नाझारिओ उभा होता. पुढचा पाय किंचित बाहेर, हनुवटी खांद्याच्या रेषेत, नजर मठाच्या घंटेच्या दोरीवर. वीस झाले. मोंतेर्दे थांबले नाहीत, त्यांना बघायचं होतं. तीसला एक माशी आली, त्याच्या पापणीवर बसली, नाकावरून ओठापर्यंत चालत गेली आणि तिथं तिने हात धुतले. नाझारिओने खाजेला वाट दिली: कानाकडे, मानेकडे, जा बाई. चाळीसला कारकून सही घ्यायला आला. मोंतेर्देंनी तीन कागद वाचले, एक दुरुस्त केला, सह्या केल्या, त्याच्याशी शाईच्या दर्जावरून वाद घातला आणि आत जायला वळले.

"साहेब," कारकून दबक्या आवाजात म्हणाला, "तो संत तिथंच ठेवायचा का?"

मोंतेर्दे दचकून मागे वळले. "अरे! पुरे, पुरे! नागरिक तेपाले, हला आता!"

नाझारिओ लगेच हलला नाही. आधी डोळे हलवले, मग बोटं, मग गुडघे. याचीही पद्धत असते.

सुटकेच्या कागदावर त्याचं खरं नाव लिहिलं. मोंतेर्देंनी वहीतली सतराव्या पानावरची तसबीर नखाने सोडवून त्याच्यापुढे धरली. "घेऊन जा. घरी लाव."

नाझारिओने ती उजेडात धरली. कोट चांगला बसला होता. आजूबाजूच्या पानांवरचे आठजण भिंतीला टेकून, कुणी बसून, कुणी पडून त्याच्याकडे बघत होते.

"नको साहेब," तो म्हणाला. "या कोटात बायको घरात घेणार नाही."

दाराबाहेर रुफिना टोपली मांडीवर घेऊन बसलीच होती. तामाल गार झाले होते. त्याला बघून ती उठली, त्याचे दंड चाचपले, तोंड फिरवून डोळे पुसले आणि लगेच टोपलीतला एक तामाल सोलून त्याच्या हातात कोंबला.

"सोडलं? खरंच? काय बोललास रे म्हाताऱ्या त्या वकिलापुढे?"

"बोललो फारसं नाही," तो खाता खाता म्हणाला. "उभा राहिलो नुसता."

"एवढंच?" रुफिना म्हणाली. "मग मला तरी बोलवायचं होतं, मी साक्ष दिली असती. घरात काम सांगितलं की वीस वर्षं तेच करतोयस."